ओवाळणीतली काडी

जामनेरच्या आठवडी बाजारात गुंताबाई बोरं घेऊन बसली की गिऱ्हाइकाला भाव नंतर कळायचा, बोरांचं घराणं आधी. “हात लावायच्या आधी ऐकून घ्या. ही माझ्या माहेरची बोरं आहेत. धरणगावाकडची. माझ्या आबाच्या बोरीची!” गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, पाव किलो द्या आणि मोकळं करा. पण गुंताबाई कसली सोडते! नाल्यापलीकडच्या बांधावर ती बोर आपोआप कशी उगवली, आबाने तिला कुऱ्हाड कशी लागू दिली नाही, हे सगळं ऐकल्याशिवाय तराजू हलायचा नाही. तोंड फटकळ, आवाज खणखणीत, आणि माप मात्र कायम झुकतं. त्यामुळे लोक वैतागायचे आणि पुन्हा तिच्याकडेच यायचे.

शेजारी भाजी घेऊन बसणारी कुंदाबाई एकदा सहज बोलून गेली, “गुंताबाई, राग मानू नका, पण ही तर ती उमराण दिसते हो मला. रोपवाटिकेत मिळते ती कलमी जात.”

झालं! “उमराण असेल तुमच्या घरी!” असं म्हणून गुंताबाईने आपलं पोतं उचललं आणि चार हात पलीकडे जाऊन बसली. तेव्हापासून तिने कुंदाबाईशी चकार शब्द काढला नाही. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा दिला नाही. बाजारातल्या बाया हसल्या. एका बोरावरून एवढं?

पण ते एक बोर नव्हतं ना. तेच तर कोणाला ठाऊक नव्हतं.

गुंताबाईची आई लवकर गेली. धाकटा भाऊ रोहिदास तेव्हा पुरता चालतही नव्हता. त्याला गुंताबाईने कडेवर वाढवला, त्याच्यापायी शाळा सोडली, आणि लग्न होऊन जामनेरकडे आली तेव्हा सासरच्या उंबऱ्यात पहिला प्रश्न विचारला तो, रोहिदासला आता जेवायला कोण घालेल, हाच. वडील, सुकलाल आबा, दर संक्रांतीला बोरांची पिशवी घेऊन यायचे. बारीक, गोल, पातळ सालीची बोरं. दाताखाली कुडुम वाजायची, आधी आंबट लागायची आणि मग मागून गोडी यायची. गावातली पोरं आबाची वाट बघत एसटीपाशी उभी राहायची.

आबा गेले तेव्हा दिवस-पाणी उरकल्यावर रोहिदास कागद घेऊन आला. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लावायचं होतं, त्यासाठी बहिणीने हक्कसोड करून द्यायला हवी होती. आपल्याकडे हे असंच चालतं. बहीण सही करते आणि माहेर राखते. जी हिस्सा मागते तिला आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, न्यायला कोणी येत नाही. गुंताबाईचा नवरा योगराज मोजकं बोलणारा माणूस. तो एवढंच म्हणाला, “विचार कर.” ती त्याच्यावरच कडाडली, “विचार कसला? भाऊ आहे माझा!” आणि धरणगावला जाऊन सही करून आली.

सही झाल्यावर रोहिदास गहिवरला. “अक्का, तुले काय पाहिजे ते मांग. सोनं मांग, लुगडं मांग.”

“माले आबानी बोरनी काडी दे,” गुंताबाई म्हणाली. “बास. दुसरं काहीच नको.”

बोरीचं असं असतं, बी लावली तर झाड येतं, पण आईचीच चव येईल याचा भरवसा नाही. तीच बोर हवी असेल तर तिची काडी आणायची, काडीवरचा डोळा सालीसकट काढायचा आणि जंगली बोरीच्या खोडाला चीर देऊन त्यात बसवायचा. डोळा धरला की वरचं सगळं झाड त्या काडीचं. हे काम श्रावणातलं, आणि आबाने ते गुंताबाईला लहानपणीच शिकवलं होतं. म्हणून ती रोहिदासला म्हणाली, राखीला येशील तेव्हा घेऊन ये, तीच माझी ओवाळणी.

रोहिदास राखीला आला. भिजून चिंब. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काडी त्याने ताटात ठेवली. गुंताबाईच्या माहेरची रीत अशी की भावाने ताटात टाकलेलं त्याच्यासमोर उघडायचं नाही, पारखायचं नाही, कपाळाला लावायचं आणि बाजूला ठेवायचं. तिने तसंच केलं. तो गेल्यावर बांधावरच्या जंगली बोरीला डोळे भरले. त्यातला एक धरला. त्या दिवशी तिने गावभर गूळ वाटला.

पहिली बोरं आली ती मोठी होती. लांबट, नुसती गोड, आंबटपणा औषधालासुद्धा नाही. योगराजने चाखलं आणि बायकोकडे बघितलं. “इकडची जमीन वेगळी,” गुंताबाई घाईने म्हणाली. “पाणी वेगळं. पोरगी सासरी आली की बदलणारच ना थोडी!”  पुढे योगराजही वारला आणि गुंताबाई घरात सून उषाबरोबर राहिली, मुलगा कामाला सुरतेकडे. दर श्रावणात जो मागेल त्याला ती आपल्या झाडाचे डोळे फुकट द्यायची, स्वतः जाऊन भरून द्यायची. म्हणायची, आमच्या शिवारात बांधाबांधावर माझा आबा उभा आहे. रोहिदासकडून मात्र संक्रांतीला बोरं कधी आली नाहीत. तो फोनवर हसून म्हणायचा, “अक्का, तुना दारमा तर आबानीच बोर शे. मी कसाले पाठाडू?” आणि गुंताबाईला ते ऐकून उलट बरं वाटायचं.

मग दिवाळीनंतर डॉ. हेमांगी आली. तरुण मुलगी, पायात बूट, पाठीवर पिशवी, बोलायला गोड. ती खानदेशातल्या गावठी बोरींच्या जाती शोधत हिंडत होती. तिचं म्हणणं असं की बोरींच्या नावांचा नुसता गोंधळ आहे. एकाच जातीला पाच गावांत पाच नावं, आणि एकाच नावाखाली पाच वेगळ्या जाती. पान बघून, फळ बघून फसायला होतं, कारण फळ माती-पाण्याने बदलतं. झाडाच्या आतला डीएनए बदलत नाही. त्यातल्या ठरावीक खुणा तपासल्या, त्यांना मार्कर म्हणतात, की झाड कुठल्या जातीचं ते कळतं.

“म्हणजे गोंदणासारखं,” गुंताबाई म्हणाली.

“तसंच समजा. फक्त आत गोंदलेलं. आणि कलम केलं तरी तेच राहतं. तुमच्या आबांची बोर आणि तुमची बोर, दोघींच्या खुणा जशाच्या तशा जुळणार. आणि ती जात खरंच वेगळी निघाली, तर शेतकऱ्याची जात म्हणून तिची नोंद करता येते. आबांच्या नावाने.”

सुकलाल बोर! गुंताबाईला दोन दिवस जेवण सुचलं नाही, इतका आनंद. उषाला म्हणाली, माझा आबा शाळेत गेला नाही, पण आता त्याचं नाव पुस्तकात छापून येणार. बाजारात जाऊन तिने कुंदाबाईशी आपणहून बोलणं सुरू केलं, ते केवळ हे सांगण्यासाठी. “येऊ दे त्या बाईंचा निकाल. मग बघू कोणाची उमराण!”

हेमांगीने तिच्या झाडाची कोवळी पानं घेतली आणि तिला गाडीत घालून धरणगावाकडे नेलं. रोहिदासने झकास स्वागत केलं. चहा, शेव, पोहे. रस्त्याकडेला त्याची विकत आणून लावलेली कलमी बोरींची ओळ होती, तिची पानंही त्याने हौसेने दिली. नाल्यापलीकडे मात्र तो आला नाही. “अक्काले माहित शे बठ्ठं,” म्हणाला आणि खाटेवर बसून राहिला. गुंताबाईने हेमांगीला पलीकडे नेलं. आबाची बोर जागच्या जागी होती, वाढलेली, काट्यांनी माजलेली, कोणी छाटलेली नाही. बोरं अजून हिरवी होती. गुंताबाईने बुंध्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “हिचं पान नीट घ्या हं, बाई.”

संक्रांत उलटली आणि हेमांगी पुन्हा आली. फोनवर सांगता आलं असतं, पण तिला ते बरं वाटलं नसावं. ओट्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या होत्या, उभ्या रांगांत.

“ही रांग आबांच्या बोरीची. मावशी, ती जात खरंच वेगळी आहे. आमच्याकडच्या एकाही नमुन्याशी जुळत नाही.”

“मी म्हटलं नव्हतं!” गुंताबाईने उषाच्या पाठीत थाप मारली. “आणि माझी?”

हेमांगीने दुसऱ्या रांगेवर बोट ठेवलं. “ही तुमची. बघा, इथे पट्टी आहे, आबांच्या बोरीला तिथे नाही. इथे तिला आहे, तुमच्यात नाही. ही तुमच्या आबांची बोर नाही, मावशी. ही तिसरी रांग बघा, हिच्याशी तुमची पट्टीला पट्टी जुळते. ही उमराण आहे.”

गुंताबाई आधी हसली. मग चिडली. तुमच्या पुड्यांची अदलाबदल झाली असेल. नाहीतर खालच्या जंगली खुंटाला फूट येते, तिचं पान तोडलं असेल. हेमांगी म्हणाली, जंगली असती तर वेगळं दिसलं असतं, पण तुमच्या मनात शंका नको, परत करू. या वेळी गुंताबाईने स्वतः शिडी लावली, कलमाच्या पार वरचं, शेंड्याचं पान स्वतःच्या हाताने तोडून दिलं. माघ सरता सरता फोन आला. तेच. रोहिदासची रस्त्याकडची ओळही उमराणच.

उषा म्हणाली, “आई, जाऊ द्या. बोर गोड आहे ना?”  गावात मात्र बातमी फिरली होती. जिने तिला कधी दुखवलं नाही अशी एक म्हातारी विचारून गेली, “गुंता, म्हणजे आमच्या बांधावर पण तुझा आबा नाही का गं?” काय सांगणार होती ती? घरोघरी जाऊन, शपथा घेऊन जे दिलं होतं ते खोटं निघालं होतं. लबाडी केली नव्हती आणि लबाड ठरली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती निघाली. फाट्यावर उतरल्यावर माहेरच्या घराकडे गेलीच नाही. नाला कोरडा होता. पलीकडे जाऊन तिने आबाच्या बोरीखाली पडलेलं, हंगामातलं शेवटचं, सुरकुतलेलं एक बोर उचललं, पदराला पुसलं आणि दाताखाली धरलं. आधी आंबट. मग मागून ती गोडी. गुंताबाई बुंध्याशी बसली. आबा गेल्यापासून ही चव जिभेला लागली नव्हती, आणि आपल्या दारातलं पहिलं बोर खाल्लं तेव्हाच जिभेला सगळं कळलं होतं. जमीन वेगळी, पाणी वेगळं! स्वतःच्या जिभेला तिने खोटं पाडलं होतं, पण भावाला नाही. ती तिथे बसून मोठमोठ्याने रडली. ऐकायला कोणी नव्हतं, बरं झालं.

मग डोळे पुसून घरी गेली. रोहिदास ओट्यावर दाढी करत होता.

“अक्का! अशी अचानक?”

“रोहिदास, आबा गया त्या साले राखीले तू माले काडी दिन्ही. ती कोनती व्हती?”

“कोनती काडी?”

त्याला आठवतच नव्हतं. गुंताबाई म्हणते, तिथेच मी संपले. पुढचं सगळं नंतरचं. ती हिस्सा सोडून आली होती त्या काडीवर, आणि याला काडी आठवत नव्हती.

तिने आठवण करून दिली तेव्हा तो गालाला साबण तसाच ठेवून विचार करू लागला, आणि मग चक्क हसला. “अरे हां! अक्का, त्या दिन पाणी किती व्हतं! नाला भरेल व्हता. रस्तावरली बोरनी काडी तोडी अन् उनू. काडी ती काडीच शे ना?”

लबाडी असती तर गुंताबाईला भांडता आलं असतं. ही जात बाहेर जाऊ नये म्हणून त्याने मुद्दाम दुसरी दिली, असं काही असतं तर तिने त्याला उभा-आडवा घेतला असता. पण त्याने तेवढासुद्धा विचार केला नव्हता. नाल्यात पाणी होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी उतरलं असतं.

“मंग दरसाल माले काबर सांगे तू, आबानी बोर तुना दारमा शे म्हनीसन?”

रोहिदासने वस्तरा पाण्यात बुडवला. “तू खुश व्हती. कसाले सांगू?”

 ती उठली. वहिनी आतून चहा घेऊन आली, तिच्याकडेही तिने पाहिलं नाही. फाटकापाशी पोचली तोवर रोहिदास मागे धावत आला. चेहरा उतरलेला होता, एका गालावर साबण. गुंताबाईला वाटलं, आता हा हात धरेल. अक्का, चुकलं माझं, म्हणेल. म्हणाला असता तर, खरं सांगायचं तर, तिथल्या तिथे सगळं विसरली असती ती. तेवढी वेडी होतीच ती त्याच्यापायी.

तो आवाज खाली आणून म्हणाला, “अक्का, तुना मनमा जमीननं काही शे का? कोनी वकील वगैरे?”

गुंताबाई एसटीत बसली ते थेट जामनेरला उतरली. वाटेत तिने डोळ्यांना पदर लावला नाही. घरी आल्यावर उषाला फक्त म्हणाली, “त्याला वाटलं, मी शेत मागायला आले.”

त्या वर्षी आखाजीला ती माहेरी गेली नाही. रोहिदासने गाडी घेऊन पोराला पाठवलं, तिने त्याला आमरस जेवू घातला आणि परत लावून दिलं. गौराईची गाणी गावातल्या लेकी म्हणत होत्या, झोके घेत होत्या, ही घरात दार लोटून धान्य निवडत बसली. मध्यंतरी हेमांगीचा फोन आला. सुकलाल बोर या नावाने नोंदीचा अर्ज तयार होत होता, पण झाड ज्याच्या शेतात, त्यालाच अर्जदार करावं लागणार होतं. रोहिदासने आनंदाने होकार दिला होता, फोटोसुद्धा काढून घेतला होता. “आबांचं नाव तर लागतंय ना, मावशी,” हेमांगी चाचरत म्हणाली. “लागू दे,” गुंताबाई म्हणाली. “नाव लावायला नाला ओलांडावा लागत नाही.”

नंतर नोंदीच्या लोकांबरोबर रोहिदासला बोरीपाशी बरेच वेळा जावं लागलं. तिथे उभं राहून त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. राखीच्या दिवशी तो जामनेरला आला तो सकाळीच. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. दोन्ही हातांवर बोरीच्या काट्यांचे लांब लांब ओरखडे, काही अजून ओले. हातात ओलं गोणपाट.

उषाने पाणी दिलं, पाट मांडला. गुंताबाई आत गेली. आता काय होतं म्हणून उषाचा जीव टांगणीला लागला. पण सासू ताट घेऊन बाहेर आली, हळद-कुंकू, अक्षता, पेटवलेलं निरांजन, रेशमाची राखी, सगळं जागच्या जागी. उषाने सुटकेचा श्वास टाकला. रोहिदासचे डोळे भरून आले. त्याने गोणपाट ताटात ठेवलं.

“अक्का, ही आबानीच शे. मी सोता कापी. नालामा पाणी व्हतं तरी गऊ.”

गुंताबाईने त्याचे ओरखडे पाहिले. ते खरे होते. चिखल खरा होता. तो खरं बोलत असेल, असं तिला वाटलंही. पण असं तिला तेव्हाही वाटलं होतं, तेव्हाही तो असाच भिजून आला होता, आणि तिने ती गुंडाळी अशीच कपाळाला लावली होती.

तिने ताट पाटाशेजारी खाली ठेवलं. गोणपाटाची गाठ सोडायला घेतली. रोहिदास चमकला. भावासमोर ओवाळणी उघडताना त्याने तिला जन्मात पाहिलं नव्हतं. आत चार हिरव्या काड्या होत्या, पानांसकट. तिने त्या वास घेऊन पाहिल्या, उलटसुलट करून पाहिल्या, आणि एका काडीचं शेंड्याकडचं पान खुडलं. वर्तमानपत्राचा तुकडा फाडून त्यात ते नीट घडी घालून बांधलं आणि उषाच्या हातात दिलं.

“हेमांगीबाईंना पोचतं कर. आजच.”

उषा पुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. रोहिदासने मनगट पुढे केलेलं होतं. 

“अक्का,” तो म्हणाला, “वात विझी जाई. ओवाळ ना.”

“पहिले हेमांगीबाईना फोन येऊ दे,” गुंताबाई म्हणाली. “मंग ओवाळसू.”